कॉलेजचा खेळाडू ते हायस्कूलचा प्रशिक्षक: मुंबईत खो-खो शिकवू पाहणाऱ्यांसाठी

शाळेत प्रशिक्षक म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात मी मुलींना खांबावरचा सूर शिकवायला घेतला. कॉलेजात तोच माझा हुकमी डाव होता. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत खांबाला लटकून मी कितीतरी गडी टिपले होते, त्यामुळे आपल्या मुलींना सगळ्यात आधी हेच द्यावं असं मला मनापासून वाटलं. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीची हनुवटी खांबावर आपटली. टाके पडले. दवाखान्यात तिची आई मला म्हणाली, "बाई, तिला अजून पाच मिनिटं नीट बसताही येत नाही हो." ती घरातल्या चंचलपणाबद्दल बोलत होती. मला मात्र ते वाक्य खेळासाठीच ऐकू आलं. चौकोनात कसं बसायचं, खो ऐकून कसं उठायचं, उठल्यावर पहिलं पाऊल कुठे टाकायचं, यातलं काहीच मी तिला शिकवलं नव्हतं. मला ते इतकं सहज येत होतं की ते शिकवावं लागतं हेच माझ्या लक्षात आलं नाही.

दर वर्षी विद्यापीठाकडून खेळलेली काही मुलं-मुली मला भेटतात. "ताई, शाळेत शिकवायचं आहे, सुरुवात कुठून करू?" असं विचारतात. त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं खो-खोची आहेत, पण कबड्डी किंवा अ‍ॅथलेटिक्स खेळलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

खेळत असतानाच तयारी सुरू करा

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. तुमच्या मंडळात रविवारी लहान मुलांचा सराव होतच असेल. तुमच्या सरांना सांगून त्यातली दहा मुलं मागून घ्या. पगार नाही, नाव नाही, फक्त दहा मुलं आणि एक तास.

त्याआधी घरी एक अभ्यास करा. चौकोनात बसल्यापासून धावत सुटेपर्यंत तुमचं शरीर काय काय करतं ते वहीत लिहून काढा. मैत्रिणीकडून मोबाइलवर संथ गतीत चित्रीकरण करून घ्या. मी केलं तेव्हा मला कळलं की माझा डावा पाय अर्धी वीत पुढे असतो, उजवी टाच उचललेली असते, वजन दोन्ही हातांच्या बोटांवर नसून पुढच्या पायाच्या चवड्यावर असतं, आणि खो मिळण्याच्या क्षणभर आधीच माझी नजर पळणाऱ्या गड्याच्या कमरेवर गेलेली असते. दहा वर्षं खेळून मला हे ठाऊक नव्हतं. वही भरली की त्या दहा मुलांपैकी एकाला, स्वतः करून न दाखवता, फक्त शब्दांत ते सांगून पाहा. जिथे त्याला कळत नाही, तिथे तुम्हाला अजून शिकवता येत नाही.

मोठा खेळाडू असणं ही प्रशिक्षक होण्याची अट नाही, याचा दाखला दादरलाच आहे. क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. तरीही शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी जी मुलं घडवली ती साऱ्या जगाने पाहिली. 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, ती त्यांच्याच हाताखालची मुलं. सर यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. फलंदाजाला जो बाद करेल त्याला ते नाणं, आणि सरावाच्या शेवटपर्यंत कुणीच बाद करू शकलं नाही तर ते फलंदाजाचं. तेंडुलकरकडे अशी 13 नाणी आहेत. दमलेल्या मुलालाही शेवटच्या चेंडूपर्यंत लक्ष ठेवायला लावणारी ही युक्ती मी खो-खोत वापरते. सरावाच्या शेवटच्या पाच मिनिटांत जी बाद होणार नाही, तिने दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवायची. आमच्या मुलींना शिट्टीचं फार अप्रूप आहे.

याच काळात तुमच्या खेळाच्या संघटनेची पंच परीक्षा द्या. नियम पाठ होतात हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की पंच म्हणून उभं राहिलं की सगळ्या शाळांचे संघ, त्यांचे शिक्षक, त्यांच्या चुका जवळून दिसतात.

शिक्षण आणि कागदपत्रं

शाळेत दोन प्रकारची कामं असतात आणि त्यांत गल्लत केली की पुढे मनस्ताप होतो. एक म्हणजे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. त्यासाठी पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणातली पदवी, हवी. प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते आणि तिच्यात मैदानी चाचणीही असते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. मुंबईत वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे. अनुदानित शाळेतलं कायम पद हवं असेल तर पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ) हा रस्ता आहे, आणि तो लांबचा आहे.

दुसरं काम मानधनावरच्या प्रशिक्षकाचं. बहुतेक माजी खेळाडू इथूनच सुरुवात करतात. इथे पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र फार उपयोगी पडतं. अर्ज करण्याआधी त्या वर्षी तुमच्या खेळाचा वर्ग आहे का, ते पाहून घ्या.

मानधनाचं बोलणं लेखी करा. महिन्याचे किती, सुट्टीच्या महिन्यांत मिळणार का, स्पर्धेला मुलं नेली तर प्रवासखर्च कोण देणार, या तिन्ही गोष्टी पत्रात हव्यात. मी एका शाळेत दोन वर्षं तोंडी शब्दावर काम केलं. मुख्याध्यापक बदलले आणि मे महिन्याचे पैसे कधी ठरलेच नव्हते असं मला सांगण्यात आलं. मुलींसाठी मी राहिले, पण त्या वर्षी सकाळी दुसरीकडे शिकवण्या घेतल्या तेव्हा घर चाललं.

शाळा पाहायला जाल तेव्हा

मुंबईत निम्मा प्रश्न मैदानाचा आहे. अनेक शाळांना स्वतःचं मैदान नाही. असलं तरी तिथे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतात, आणि त्यावर खो-खो खेळवायचा नाही म्हणजे नाही. गुडघे टेकणारा, सूर मारणारा खेळ आहे हा. मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा पहिला प्रश्न मैदानाचा विचारा. शाळेचं नसेल तर जवळच्या पालिकेच्या मैदानाची परवानगी शाळेच्या लेटरहेडवर मागावी लागते. तुमच्या वैयक्तिक अर्जाला वजन नसतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. ज्या शाळा दोन सत्रांत भरतात तिथली दुपारच्या सत्राची मुलं सकाळी साडेसातला मोकळी असतात, सकाळच्या सत्राची दुपारी एकला. ऑक्टोबरमध्ये दुपारी एक वाजता मैदानात उतरवणं धोक्याचं आहे. मी सकाळी सात ते सव्वाआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात असे दोन गट करते. दोन्ही गट एकत्र फक्त रविवारी.

तिसरं, शाळा कोणत्या जिल्ह्यात येते ते बघा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे वेगळे जिल्हे आहेत, त्यांची जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयं वेगळी, स्पर्धाही वेगळ्या. माहीमची शाळा शहरात, खाडीपलीकडची वांद्र्याची शाळा उपनगरात. नवखे प्रशिक्षक चुकीच्या कार्यालयात चकरा मारताना मी पाहिले आहेत.

मुलं निवडताना

शंभर मीटर पळवून पहिल्या पंधरा जणी घेऊ नका. सरळ रेषेत वेगाने पळणारी मुलगी खो-खोत चांगली निघतेच असं नाही. मी तीन गोष्टी बघते. जमिनीवर उकिडवं बसवून टाळी वाजवते: कोण आधी उठते? चार-पाच पावलांवर दोन दगड ठेवून त्यांना वळसे घालायला लावते: वळताना कोणाचा वेग मरत नाही? आणि तिसरं, पकडापकडी खेळायला सोडून देते आणि लांब उभी राहते. ज्या मुलीला बाद झाल्यावरही कोण कुठे पळतंय हे बघत राहावंसं वाटतं, ती मला हवी असते. आमच्या संघाची सगळ्यात भरवशाची आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारी, अशीच सापडली. पळण्याच्या चाचणीत ती शेवटून दुसरी होती.

संघात बारा जणी लागतात, मैदानात नऊ उतरतात. तुम्ही किमान चोवीस जणी ठेवा. नववीत गेल्यावर क्लासमुळे काही गळतात, काहींची घरं बदलतात. आणि सरावात दोन पूर्ण बाजू उभ्या करता आल्या नाहीत तर सामना शिकवताच येत नाही.

पहिले सहा आठवडे

इथे घाई करू नका. पहिले दोन आठवडे फक्त बसणं, उठणं आणि खो देणं.

बसण्याच्या दोन पद्धती आहेत. पॅरलल टो, म्हणजे दोन्ही पायांचे चवडे एका रेषेत. आणि बुलेट टो, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे. नव्या मुलींना मी आधी पॅरलल टो देते. त्यात तोल सांभाळायला सोपं जातं आणि दोन्ही बाजूंना सारखंच निघता येतं. चौकोन 30 बाय 30 सेंटीमीटरचा. फक्कीने आखलेल्या त्या चौकोनात पाय मावतील असं बसायला शिकवलं नाही, तर सामन्यात पहिल्याच मिनिटाला पंचांची शिट्टी वाजते. एकीच्या मागे उभं राहून तिच्या टाचांखाली तळहात सरकवून पाहा. हात सहज गेला तर ती चवड्यावर आहे. टाच टेकलेली असेल तर ती आरामात बसली आहे, आणि आरामात बसलेली मुलगी खोनंतर आधी मागे झुकते, मग उठते. तेवढ्यात गडी पुढच्या चौकोनाच्या पलीकडे गेलेला असतो.

मग खो. मागून, हाताच्या पंजाने पाठीला स्पर्श आणि तोंडाने शब्द, दोन्ही एकदमच. नव्या मुली आधी ओरडतात, मग हात लावतात. किंवा इतक्या जोरात ढकलतात की समोरची पालथी पडते. जोडीजोडीने बसवा आणि डोळे मिटून खो घ्यायला लावा. डोळे मिटल्यावर शब्द आणि स्पर्श यांच्यातली फट घेणारीला लगेच कळते आणि ती स्वतःच सांगते, "उशिरा दिलास." मी शंभरदा सांगून जे होत नाही ते मैत्रिणीच्या एका तक्रारीने होतं. उलट बाजूची चूक म्हणजे खो मिळण्याआधीच उठणं. ती उतावळेपणाने होते, तिच्यावर रागावू नका. त्या मुलीला पुढच्या वेळी खो दोन सेकंद उशिरा द्या. ती थांबायला शिकते.

तिसऱ्या आठवड्यात दिशेचा नियम. पाठलाग करणारीने एकदा बाजू घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, मधली पाटी (दोन खांबांमधली, चौकोनांची पट्टी) ओलांडता येत नाही. हा नियम फळ्यावर समजावला तर मुली मान डोलावतात आणि मैदानात विसरतात. मी आठ जणींना आलटून पालटून विरुद्ध तोंडाने बसवते, नवव्या मुलीला चालत चालत पाठलाग करायला लावते. पळायचं नाही, चालायचं. पळणारी संरक्षकही चालणार. चालीच्या वेगात डोकं काम करतं. कुणाला खो दिला तर गडी कात्रीत सापडेल हे त्यांना दिसायला लागतं. चार दिवस चालून झाले की जलद चाल, मग पळणं. हे कंटाळवाणं दिसतं, शाळेचे शिक्षक येऊन विचारतात की मुली नुसत्या फिरतायत का. विचारू द्या.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात संरक्षण: एकेरी चेन (बसलेल्या एकेकीमधून नागमोडी पळणं), दुहेरी चेन (दोघी-दोघींमधून), मग रिंग (थोड्या जागेत गोल फिरत राहणं). इथे माझा एक आग्रह आहे. प्रत्येक मुलीकडून सगळं करून घ्या, पण तिचा स्वतःचा पळण्याचा ढंग बदलू नका. मी उंच होते, माझी पावलं लांब पडायची, म्हणून मी चेनमध्ये टिकायचे. माझ्या संघातल्या एका बुटक्या मुलीला मी वर्षभर चेन पळवली, तिचे हाल झाले. ती रिंगमध्ये उभी राहिली तेव्हा तिला कुणी हात लावू शकेना.

खांब सहाव्या आठवड्यात. आधी फक्त वळण: खांबाला पंजा लावायचा, गुडघे वाकवायचे, वळायचं. खांब जमिनीपासून सुमारे 120 सेंटीमीटर उंच असतो. सहावीतल्या मुलीच्या तो छातीपर्यंत येतो, कधी हनुवटीजवळ. माझ्या पहिल्या वर्षीच्या अपघाताचं कारण तेच. मला जो खांब कमरेच्या वर लागायचा, तो तिच्या हनुवटीला लागला. सूर मी आता निदान एक पूर्ण हंगाम खेळलेल्या मुलींनाच देते, आणि तोही जुन्या गाद्या अंथरून.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. आमच्या मुलींनी ते सामने जीव ओतून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मातीत सूर मारायला धावल्या. ते सामने मॅटवर होते. माती खरडते, मॅट घसरू देते. टीव्हीवर दिसलेलं कोणत्या जमिनीवर केलं होतं, हे मुलींना समोर बसवून सांगावंच लागतं. मैदानाला सराव सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पाणी मारा आणि खडे वेचा. वेचायला मुली मदत करतात, आणि त्यात अंगही मोकळं होतं.

पावसाळ्यात मैदान चिखलाचं होतं आणि नेमकी तेव्हाच स्पर्धा जवळ येते. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या लांब व्हरांड्यात खडूने चौकोन आखून बसणं-उठणं चालू ठेवा. फरशी ओली असेल तर त्या दिवशी फक्त पायांची ताकद आणि ताणाचे व्यायाम.

वाढतं शरीर

दहा ते पंधरा वयात हाडं झपाट्याने वाढतात. टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या खाली पुढच्या हाडावर दुखतं अशी तक्रार या वयात नेहमी येते. कॉलेजात आपण दुखणं सहन करून खेळलो, म्हणून "काही होत नाही, पळ" हे शब्द तोंडावर येतात. ते गिळा. आठवडाभर उड्या आणि वेगाचं पळणं बंद करा. दुखणं तरीही राहिलं, सूज आली, लंगडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. पाय मुरगळला तर मालिश नाही, बर्फ आणि विश्रांती. पथकाच्या पिशवीत बर्फाचं पॅक, क्रेप बँडेज, सॅनिटरी पॅड आणि मीठ-साखर कायम हवं.

मुलींची पाळी हा लपवायचा विषय ठेवू नका. पुरुष प्रशिक्षक असाल तर एखाद्या शिक्षिकेला सोबत घेऊन पहिल्याच बैठकीत सांगा की त्या दिवशी जिला जसं झेपेल तसं तिने खेळावं, कारण विचारलं जाणार नाही. आणि एक नियम स्वतःसाठी: कोणत्याही मुलाला किंवा मुलीला एकट्याने वर्गात, गाडीत, घरी बोलवायचं नाही. बाहेरगावी मुली नेताना महिला शिक्षिका आणि पालकांचं लेखी संमतीपत्र हवंच. 2012 चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) प्रत्येक प्रशिक्षकाने वाचलेला असला पाहिजे.

पालक

आठवीपर्यंत पालक टाळ्या वाजवतात. नववीच्या जूनमध्ये "बाई, आता बास" सुरू होतं. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. भाड्याच्या खोलीत राहून क्लासची फी भरणाऱ्या आईला दहावीचीच भीती वाटणार. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात बैठक घेते आणि वर्षाचं वेळापत्रक हातात देते: कोणत्या आठवड्यात सराव अर्धा, परीक्षेआधी किती दिवस बंद. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे सांगा. पण त्यासाठी कोणत्या स्तरापर्यंत पोचावं लागतं तेही त्याच दमात सांगा. गुणांचं आमिष दाखवून मुलगी थांबवली आणि संघ जिल्ह्यातच हरला, तर ते घर पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

स्पर्धेचे दिवस

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. नोंदणीच्या तारखा आणि जन्मतारखेची अट परिपत्रकात येते. ते आलं की त्याच दिवशी जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख पडताळून घ्या. एका अक्षराच्या फरकाने मुलगी बाहेर बसलेली मी पाहिली आहे.

संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. सगळ्यात चांगल्या तिघी पहिल्या तुकडीत कोंबण्याचा मोह होतो. मी पहिल्या तुकडीत एक खमकी, एक नवखी आणि एक अशी मुलगी ठेवते जी बाकी दोघींना हाका मारत राहते. सामना चालू असताना तुम्ही मात्र कमी बोला. कडेला उभं राहून "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडलात की मुलगी तुमच्याकडे बघते, आणि तेवढ्यात बाद होते.

मुलगी शाळा सोडते तेव्हा

दहावीनंतर ती कॉलेजात जाईल, एखाद्या मंडळाकडून खेळेल. तिला "जा आणि खेळ" म्हणून सोडून देऊ नका. मंडळाच्या प्रशिक्षकांना आधी स्वतः फोन करा आणि सोबत एक पान लिहून द्या. कुठला गुडघा दुखायचा, कोणत्या पायावर ती उठते, रिंग आवडते की चेन, कशाने घाबरते. आमच्या हनुवटीवर टाके पडलेल्या मुलीचं पान मी लिहिलं तेव्हा त्यात लिहिलं होतं: खांबावर उत्तम, पण सूर मारण्याआधी तिला एकदा खांबाला हात लावून पाहू द्या. आणि खाली, ती कुर्ल्याहून येते, सात पाचची लोकल चुकली तर घरी पोचायला साडेआठ होतात, म्हणून सराव पावणेसातला संपवा.